सवाबाचा बोअर आणि बेवारस पाझर तलाव

मलिक अंबरच्या नहरीचा आपल्याला फार अभिमान. जलसा असो की व्याख्यान, खडकी शहराला सतराव्या शतकाच्या आरंभी पाणी आणणाऱ्या नहर-ए-अंबरीचा दाखला एक तरी वक्ता देतोच. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरापर्यंत खेळवणारा हा हबशी वजीर आपला म्हणून टाळ्या पडतात. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना मला एकच विचारायचं आहे. तुमच्या गावचा पाझर तलाव शेवटचा कधी भरला होता? त्याच्या सांडव्यात आज किती झाडोरा माजला आहे?

आपल्याकडे पाण्याचा सवाब म्हणजे बोअर, असं समीकरण पक्कं झालं आहे. मरहूम वालिदांच्या नावाने बोअर घ्यायचा, वर नावाची पाटी लावायची, सदका-ए-जारिया झाला म्हणून समाधान मानायचं. नियत नेक आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात नेक नियतीने मारलेला बोअरसुद्धा पाणी निर्माण करत नाही, तो फक्त उपसतो. आपल्या पायाखाली बेसाल्टचे थर आहेत. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. एकाच भेगेवर चार बोअर पडले की पाणी चौपट होत नाही, त्याचे वाटेकरी चौपट होतात. शेजारच्या विधवेची तीस-चाळीस फुटी विहीर आटते आणि आपण पाटीवर नाव कोरत बसतो. राज्याचा २००९चा भूजल कायदा ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या पुढच्या विहिरीला खोल विहीर म्हणतो. आपले बोअर पाचशे फुटांची भाषा करतात. ‘जारी’ म्हणजे चालू राहणारा. चार उन्हाळ्यांत कोरडा पडणाऱ्या बोअरला जारी कसं म्हणायचं?

मग पाणी खाली जातं कुठून? ते गावाच्या वरच्या अंगाला, नाल्यावर घातलेल्या मातीच्या बांधामुळे. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीत असे हजारो पाझर तलाव झाले. आपल्यातल्या कित्येकांच्या नानी-दादींनी तिथे मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत. पाझर तलावाला सहसा कालवा नसतो. तलाव वरून आटतो आणि खालच्या विहिरी भरतो, हेच त्याचं काम. म्हणून ‘तलावात पाणी टिकत नाही’ ही त्याची तक्रार नव्हे, शाबासकी आहे. पाणी मुरून गेलं पाहिजे, भिंतीतून फुटून जाता कामा नये, एवढंच.

पण दर पावसाळ्यात पाण्याबरोबर चिकण गाळ येतो, तळाशी बसतो आणि मुरण्याची भोकं लिंपून टाकतो. मग तोच तलाव पाणी मुरवण्याऐवजी उन्हात वाळवतो. भिंतीवर बाभळी वाढतात. त्या मेल्या की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. सांडवा बुजला तर पूर भिंतीवरून जातो, आणि मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की ती भिंत राहत नाही.

हे फक्त पुस्तकातलं नाही. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेही मातीचंच, लघु पाटबंधाऱ्याचं धरण. खालची भेंदवाडी झोपेत वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळती आधीपासून दिसत होती, गावकऱ्यांनी ती सांगितलीही होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना. खेकडा मातीत बीळ करणारच, तो त्याचा स्वभाव आहे. ते बीळ वेळेत बघून बुजवणं हे माणसाचं काम आणि त्यासाठी पगार माणसाला मिळतो.

सरकारला नवं बांधायला आवडतं, कारण नारळ नव्या कामाचा फुटतो. जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि २०२०मध्ये कॅगने सांगितलं की भूजल पातळीवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. त्यावर ओरडायलाच हवं. पण ओरडण्याचा हक्क ग्रामसभेत बसणाऱ्याला जास्त शोभतो.

इथे आपल्या लोकांची ठरलेली उत्तरं येतात. ‘गावात आपलं ऐकतं कोण?’ मान्य, पुष्कळ ठिकाणी ऐकत नाहीत. पण घरकुलाच्या यादीसाठी आपण त्याच ग्रामसभेत जातो, भांडतो आणि मिळवतोही. तलावाचा विषय निघाला की मात्र ‘आपली शेती कुठे आहे’ म्हणून उठतो. शेती नसेल, पण गल्लीतल्या हापशाला पाणी त्याच मुरमातून येतं. मशिदीच्या वजूखान्यालाही तिथूनच येतं. दुसरं उत्तर, ‘ते तर सरकारचं काम.’ मग पाणीपुरवठाही सरकारचंच काम आहे, तिथे बोअर कसा मारता?

मी शिक्षक आहे, अभियंता नाही. भिंतीला हात लावण्याआधी जिल्हा परिषदेच्या अभियंत्याला बोलवावंच लागेल. गाळ काढतानाही भिंतीच्या पायथ्याशी मशीन घालून चालणार नाही. पण पुढच्या बोअरचे पैसे थांबवून तलावाकडे वळवायला अभियंता लागत नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही शासनाची योजना २०१७पासून आहे. ग्रामसभेत ठराव मांडा. मे महिन्यात सांडवा मोकळा करायला जमातीची पोरं पाठवा, सोबत मारुतीच्या देवळातली आणि बौद्धवाड्यातली पोरंही येतील. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोणी तरी भिंतीच्या खालच्या बाजूने चालत जा. झिरपणारं पाणी गढूळ दिसलं तर त्याच दिवशी तहसीलला लेखी कळवा आणि पोच घ्या.

या कामाला पाटी लागणार नाही. मुरलेलं पाणी कोणाच्या विहिरीत निघेल, पाटलाच्या, मांगवाड्यातल्या की आपल्या, हेही सांगता येणार नाही. पाण्यावर सर्वांचा हक्क आहे असं आपण मिंबरवरून ऐकतो, तेव्हा त्याचा अर्थ हाच असतो. ते पटत नसेल तर निदान मलिक अंबरच्या नावाने टाळ्या वाजवणं तरी थांबवा.