दगडाबरोबर आलेले आगंतुक पाहुणे

नागपूरपासून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही आपल्या शहरातील काही हौशी मंडळी घरच्या काचेच्या टाकीत समुद्र सांभाळतात. शुद्ध केलेल्या पाण्यात खास मीठ मिसळायचे, आणि मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांपुढे गेला तरी चिलर लावून टाकीचे पाणी २५-२६ अंशांवर राखायचे, असा हा खटाटोप आहे. गोड्या पाण्यातील माशांपेक्षा हा शौक कितीतरी महाग, म्हणून दुकानदाराची मिळकतही त्यात जास्त. पण माल विकला की आपले काम संपले असे मानणाऱ्या दुकानदारांचा हा धंदा फार काळ टिकणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण मालातच दडलेले असते. समुद्रातून काढलेला दगड, शेवाळाचा झुबका किंवा शंखाची पाठ यांवर बसून अनेक जीव टाकीत शिरतात. तिकीट न काढता आलेले हे प्रवासी पहिल्या दिवशी दिसतही नाहीत. काही आठवड्यांनी ग्राहक घाबरून दुकानात धावतो. दुकानदाराला त्या जीवाचे नाव ठाऊक नसते, म्हणून तो एखादी औषधाची बाटली हातात ठेवतो. त्या औषधात तांबे असले तर कीड राहते बाजूला आणि टाकीतील कोळंबी व गोगलगायी आधी मरतात. हजारो रुपयांचे नुकसान होते आणि ग्राहक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही.

म्हणून आधी ओळख, मग उपाय. आलेला प्रत्येक पाहुणा शत्रू नसतो. केसाळ दिसणारे ब्रिसल वर्म बहुतेक वेळा उरलेले अन्न खाऊन टाकी साफ ठेवतात. मात्र त्यांना उघड्या हाताने धरू नये, कारण त्यांचे काटे बोटात रुततात. काचेवर पळणारे पांढरे ठिपक्यांएवढे कोपेपॉड हे तर माशांचे खाद्यच. याउलट ऐप्टेशिया हे तपकिरी, लांब देठाचे छोटे समुद्रफूल दिसायला सुंदर, पण शेजाऱ्याला डंख मारणारे. ते खरवडून काढू पाहाल तर मागे राहिलेल्या तुकड्यातून नवे उगवते. त्याच्या तोंडात चुन्याची दाट पेस्ट सिरिंजने भरणे किंवा त्याला खाणारी पेपरमिंट कोळंबी सोडणे, हे अनुभवी लोकांचे उपाय आहेत. अंगावर दाट केस आणि नांगीची टोके काळी असलेला खेकडा दिसला तर तो संशयित समजून वेगळा काढावा. रात्री टाकीतून टकटक आवाज येत असेल आणि एकेक मासा कमी होत असेल, तर मॅन्टिस श्रिंपचा शोध घ्यावा. दिवे मालवल्यावर तासाभराने लाल प्रकाशाची बॅटरी घेऊन पाहिले, की दिवसा लपलेले बरेच जीव आपोआप नजरेस पडतात.

एक इशारा जिवाशी निगडित आहे. कीड मारण्यासाठी दगड उकळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. काही झोअँथिड जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असे दगड उकळल्याने वाफेतून विषबाधा होऊन माणसे रुग्णालयात दाखल झाल्याची उदाहरणे परदेशात घडली आहेत.

ओळखीचे मोल किती, हे अमेरिकेतील २०२१ सालच्या एका घटनेवरून कळते. तेथे मत्स्यालयांसाठी विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांत झेब्रा शिंपले ही घातक कीड निघाली. ती प्रथम ओळखली दुकानातल्या एका कर्मचाऱ्याने. त्याने खबर दिली म्हणून देशभरातील माल परत मागवता आला. आपल्या दुकानातील किती मुलांना असे डोळे दिले आहेत, याचा विचार मालकांनी करावा.

आता कायद्याची बाजू. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळांचा समावेश झाला आणि आजही त्यांना ते संरक्षण आहे. जिवंत असो वा सांगाडा, आपल्या समुद्रातील प्रवाळाचा व्यापार हा गुन्हा आहे. लाईव्ह रॉक म्हणून विकला जाणारा दगड बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. 'सगळेच विकतात' हे उत्तर वन खात्यापुढे चालणार नाही. येथे कायदा आणि व्यवसायाचे हित एकाच बाजूला उभे आहेत, हे आमच्या व्यापारी बंधूंनी ओळखावे. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा कोरडा कृत्रिम दगड विकला तर त्यावर ना कीड येते ना खटला. त्यावर उपयुक्त जिवाणू वसायला काही आठवडे जास्त लागतात, एवढेच. माशांचेही तसेच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास टाकीत करून दाखवली आहे. अशी पैदाशीची पिल्ले मिळत असताना समुद्रातून पकडलेल्या माशांचा हट्ट कशाला?

दुकानदारांनी तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो. नवा माल चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवूनच विकावा. २०२० नंतर क्वारंटाईनचा अर्थ कोणाला समजावण्याची गरज उरलेली नाही. नेहमी आढळणाऱ्या जीवांची छायाचित्रे मराठीत नावानिशी दुकानात लावावीत. आणि मालात काही आढळले तर ते ग्राहकाला विक्रीपूर्वीच सांगावे.

ग्राहकांनीही स्वस्त मालामागे न धावता हा दगड कुठून आला आणि किती दिवस वेगळा ठेवला होता, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. दोष सांगून विकलेल्या मालाला आज एखादे गिऱ्हाईक कमी मिळेल, पण दुकानाची पत त्यानेच वाढते. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या शहरात तर ग्राहकाला पारख करायला दुसरे साधनच नाही. त्याची सारी भिस्त दुकानदाराच्या शब्दावर आहे, आणि तो शब्द खरा ठेवणे हेच या धंद्याचे खरे भांडवल आहे.