फुकटचे तिकीट कोणाकडे आहे?

आमच्या शाळेतील एका ख्रिस्ती शिक्षिकेची आई वारली. दफनविधीला आम्ही चार-पाच मुस्लिम शिक्षकही गेलो. त्या संध्याकाळी मशिदीबाहेर एका तरुणाने मला अडवले. "सर, तिथे कशाला गेलात? त्यांना आखिरतची काय फिकीर? येशूने सगळी पापं उचलली म्हणतात. हिशोब नाही, काही नाही. जन्नतचं फुकट तिकीट!" बाजूचे हसले. हसणाऱ्यांत जुने नमाजीही होते, म्हणून हे लिहावे लागते आहे.

आधी जाण्याविषयी. पैगंबर मुहम्मद (स.) एका अंत्ययात्रेसाठी उभे राहिले. तो मृत ज्यू होता, असे कुणीतरी सांगितले. तोही एक जीवच होता ना, असे त्यांनी उलट विचारले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मग आपण कोणत्या सुन्नतवर चाललो आहोत?

आता तिकिटाविषयी. ख्रिस्ती श्रद्धा काय आहे, हे तिची टिंगल करण्याआधी वाचावे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात पौल स्पष्ट सांगतो की, ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वासच फोल आहे. ही आशा केवळ आत्मा वर उडून जाण्याची नाही, देह पुन्हा उठण्याची आहे. त्यासाठी पौल जमिनीत पेरलेल्या बियाण्याचा दाखला देतो. कुरआन मेलेल्या जमिनीवर पडणाऱ्या पावसाचा दाखला देते. सूरह यासीनमध्ये कुजलेल्या हाडांना कोण जिवंत करणार, असे विचारणाऱ्याला ज्याने पहिल्यांदा घडवले तोच, असे उत्तर आहे. शेतकऱ्याच्या पोराला दोन्ही दाखले लगेच कळतील.

30 मार्च 2020 रोजी कोरोनाने मरणाऱ्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक मुंबई महापालिकेने काढले. ते त्याच दिवशी मागे घेतले गेले. तेव्हा आपला जीव का कासावीस झाला होता, ते आठवा. माती देण्यामागची ती ओढ त्या दफनभूमीत उभ्या असलेल्या लेकीलाही होती.

हिशोब नाही म्हणता? मत्तयच्या 25 व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी भुकेल्याला जेवण, तहानेल्याला पाणी, आजाऱ्याची विचारपूस यांवरूनच निवाडा होतो. सहीह मुस्लिममधील एका हदीसे कुदसीत अल्लाह बंद्याला जवळजवळ हेच विचारतो: मी आजारी होतो, तू आला नाहीस. याकोबाच्या पत्रात तर कृतीवाचून श्रद्धा मेलेली ठरवली आहे.

मतभेद आहे, आणि तो लहान नाही. सूरह निसाच्या 157 व्या आयतीनुसार हजरत ईसा (अ.) यांना ना ठार मारले गेले, ना सुळावर चढवले गेले. म्हणून ख्रिस्ती माणसाची आशा ज्या घटनेवर उभी आहे, ती मी मानत नाही. कुणाच्या पापांचे ओझे दुसरा उचलत नाही, हाही माझा ईमान आहे. हे मी त्या शिक्षिकेलाही सांगू शकतो, तिचा अपमान न करता. पण मतभेद मांडणे वेगळे आणि ताज्या कबरीवर हसणे वेगळे.

फुकटच्या तिकिटाचे म्हणाल, तर आपले खिसे तपासू या. कलमा पढलो, शफाअत होईल, सुटलो, असे म्हणत बहिणीचा हिस्सा गिळणारे आपल्यात नाहीत का? मजुराची मजुरी बुडवून पहिल्या सफेत उभे राहणारे? कयामतचा दिवस खरा मानणारा माणूस इतका निर्धास्त कसा?

दफनानंतर त्या बाई मला एवढेच म्हणाल्या, "सर, आई पुन्हा भेटेल." मी मान हलवली. वाद घालण्याची ती वेळ नव्हती. आणि मेलेले उठणार, यावर तर वाद नव्हताच.