नांदेड पाहून येणाऱ्यांस

मानवतमध्ये नांदेडहून परतलेला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. तो आधी रस्त्यांची रुंदी सांगतो, मग पूल, मग गुरुद्वाऱ्याची रोषणाई, मग विमानतळ आणि शेवटी, "आपलं गाव मात्र आहे तिथंच!" गिऱ्हाईक असो, नातलग असो की आपल्याच पेठेतला दुकानदार, सगळ्यांचे वर्णन एकच. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि आपण व्यापारी व कारागीर माणसे असल्याने उरलेला भाग आपल्या कामाचा आहे.

नांदेड पाहणारे प्रवासी काही आजचे नाहीत. सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा व्यापारी मार्ग औरंगाबाद, अंबड, आष्टी करीत नांदेडवरून जात असे, म्हणजे आपल्याच मुलखातून. हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी तावेर्निये याच मार्गाने गेला. त्याने नांदेडबद्दल लिहिले ते एवढेच की येथे नदी उतरावी लागते, दर गाडीमागे चार रुपये पडतात आणि हाकिमाचा परवाना घ्यावा लागतो. ही नदी गंगेला मिळते असेही तो लिहून गेला. आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा चूक त्याची की वाट दाखविणाऱ्याची, कोण सांगणार! पण माणूस खरा व्यापारी. शहर दिसताच त्याने आधी खर्च टिपला.

आता आजच्या नांदेडचा हिशोब पाहू. १९९४ मध्ये तेथे विद्यापीठ आले, १९९७ मध्ये महानगरपालिका झाली. परंतु शहराचे रूप पालटले ते २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यामुळे. गुरू गोविंदसिंगजींच्या १७०८ मधील घटनेला तीनशे वर्षे होत होती, देशविदेशातून यात्रेकरू येणार होते. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेत नांदेडचा समावेश झाला आणि दोन-तीन वर्षांत रस्ते, पूल, घाट, पाणीपुरवठा, विमानतळ अशी कामे उभी राहिली. २००१ च्या जनगणनेत सव्वाचार लाखांच्या वर असलेली वस्ती २०११ मध्ये साडेपाच लाखांवर गेली.

हा सगळा पैसा बाहेरून आला. सरकारी निधी, यात्रेकरू, आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दवाखान्यांना व शिकवणी वर्गांना जाणारा पैसा. त्यात कारखानदारीचा वाटा कितीसा? एके काळी नांदेडची मलमल नावाजलेली होती. निजामाच्या अमदानीत तेथे उस्मानशाही मिल निघाली. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात ती सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. म्हणजे शहर वाढले आणि कापड विणणारे हात मात्र कमी झाले. नांदेडच्या दुकानात काचेआड जो माल दिसतो तो बहुतेक सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचाच. आपल्या दुकानातही तोच आहे.

व्हिएतनाममधील सायगॉनचे उदाहरण घ्या. १९७६ पासून त्याचे नाव हो चि मिन्ह शहर. नदीकाठचे तेही शहर झपाट्याने बदलले. २०२४ च्या डिसेंबरात तेथे मेट्रो धावू लागली, आणि पाहून येणारे आपल्यासारखेच उंच इमारतींचे वर्णन करतात. पण १९८६ मध्ये त्या देशाने आर्थिक धोरण बदलल्यावर तेथे कपडे व बूट शिवणारे कारखाने निघाले, आणि आज तयार कपड्यांच्या निर्यातीत तो देश जगातील पहिल्या काहींत गणला जातो. तेथील झगमगाटामागे शिलाई मशीन आहे. आमच्या भागात कापूस पिकतो, मानवतच्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि गाठी बाहेर जातात. सूत, कापड, शिलाई, तिन्हींची मजुरी दुसऱ्याच्या घरात. याबद्दल नांदेडला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मानवतचेही तेच आहे.

मानवतचा माणूस नांदेडला कापडासाठी जात नाही. तो आजाऱ्याला घेऊन जातो, मुलाला शिकवणीला ठेवायला जातो, आणि तेथवर गेलोच आहोत तर लग्नाचा बस्ता वजिराबादेत बांधून येतो. त्यावर आपले काही दुकानदार उपाय करतात तो दुकानाला काच लावण्याचा. कर्ज काढून काच लावली तरी दवाखाना काही मानवतला येत नाही.

त्यापेक्षा करांचा फरक पाहा. जुलै २०१७ मध्ये कापडावर पाच टक्के जीएसटी लागला तो आजही पाचच आहे. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांच्या वरच्या तयार कपड्यावर अठरा टक्के झाला. लग्नाची शेरवानी, भारी ड्रेस बहुधा त्याच किमतीत येतात. उलट गिऱ्हाईकाने कापड घेतले तर पाच टक्के, आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या शिंपीभाईच्या शिलाईवर काहीच नाही. दुकानदार, शिंपी आणि जरीकाम करणारा या तिघांनी मिळून एक दर सांगितला, तारीख पाळली, तर हा फरक गिऱ्हाईकाला दाखविता येईल. अडचण तारखेची आहे. ईदेच्या आदल्या रात्रीपर्यंत "उद्या या" म्हणणाऱ्या कारागिराला कोणताही कर वाचवू शकत नाही, हे आपल्याच लोकांना सांगावे लागते याचे वाईट वाटते.

दुसरी गोष्ट कागदांची. रस्ता रुंद होतो तेव्हा पाहुण्याला मोकळी जागा दिसते. त्या जागेवर आधी कोण बसत होते हे त्याला दिसत नाही. रफूगर, पेटीवाले, मणियार, छत्र्या दुरुस्त करणारे यांच्याकडे बहुधा भाडेचिठ्ठीही नसते. मानवत आणि नांदेड कल्याण-निर्मल या एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत. हा रस्ता आज ना उद्या आणखी रुंद होईल. भाडेकरार, दुकान परवाना, वीजबिल, नगरपालिकेची पावती आपल्या नावावर आहे की वडिलांच्या, हे तरी आजच पेटी उघडून पाहावे.

नवे मार्गही येत आहेत. जालना ते नांदेड सुमारे १८० किलोमीटरचा द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून जाणार आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत धावते; ती परभणीला थांबते, मानवत रोडला थांबत नाही. द्रुतगती मार्गावर गाडी चढण्या-उतरण्याची जागा मानवतपासून किती दूर असेल आणि तेथपर्यंतचा जोडरस्ता कोण करणार, हे आपल्या कापड व्यापाऱ्यांनी व जिनिंगवाल्यांनी एकत्र येऊन आमदार-खासदारांना लेखी विचारावे. अर्जाची पोच मात्र घ्यावी.