करवंटीचा कोळसा आणि खारं पाणी



डिचोली तालुक्यातलं सुर्ला म्हटलं की घरातल्या मोठ्यांना खाणींची लाल धूळ आणि मांडवीतून मुरगावकडे निघालेल्या खनिजाच्या बार्जेस आठवतात. आज आपण त्याच मांडवीतली एक न दिसणारी गोष्ट बघू, ती म्हणजे मीठ. पावसाळ्यात डोंगराकडून येणारा लोंढा समुद्राच्या पाण्याला मागे रेटतो. उन्हाळ्यात हा ओघ आटतो आणि भरतीबरोबर खारं पाणी नदीतून आत चढतं. म्हणून खाडीकाठच्या विहिरी आणि शेतं यांना मिठाची धास्ती असते.

याच भागात नारळाच्या करवंट्या, सोडणं, झावळ्या आणि काजूच्या बोंडूंचा चोथा भरपूर निघतो. असा कचरा फारशी हवा न देता तापवला की तो जळून राख होत नाही, त्याचा सच्छिद्र कोळसा होतो. त्यालाच बायोचार म्हणतात. मग या कोळशाने खारं पाणी गोडं होईल का?

घरीच करून बघा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणा. तो बऱ्याचदा करवंटीचाच असतो. आधी तो धुऊन घ्या. ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ आणि शाईचा एक थेंब घाला, त्यात मूठभर कार्बन टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी गाळा. हे पाणी पिऊ नका, चाखूही नका. रंग बराच फिका झालेला दिसेल. आता एक थेंब काळ्या ताटलीवर सुकू द्या. पांढरा डाग राहील. शाई अडकली, मीठ मात्र निसटलं!

असं का होतं? शाईचे मोठे रेणू कोळशाच्या भिंतींना चिकटतात. मिठाचे पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभारित कण होतात. पाण्याचे रेणू त्यांना घेरून असतात, त्यामुळे साध्या कोळशाकडे ते वळतच नाहीत.

म्हणून शास्त्रज्ञ कोळसा सुधारतात. वाफेने किंवा रसायनांनी त्याची छिद्रं वाढवली की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्याही पुढे जाऊ शकतो, म्हणजे जवळजवळ चार टेनिस कोर्टं. या कोळशाच्या दोन पट्ट्या करून त्यांना साधारण १.२ व्होल्ट दिले की सोडियम ऋण पट्टीकडे आणि क्लोराइड धन पट्टीकडे ओढलं जातं. बॅटरीच्या साध्या सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो, म्हणजे हा त्याहूनही कमी. पट्ट्या भरल्या की वीज बंद करायची किंवा उलटी करायची, मीठ सुटतं आणि पट्ट्या पुन्हा कामाला तयार होतात.

आता हिशेब करू. एक ग्रॅम कोळसा एका फेरीत साधारण १० मिलिग्रॅम मीठ धरतो असं माना. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे लिटरमागे साडेतीन किलो कोळसा लागेल! पण विहिरीचं पाणी मचूळ असेल, लिटरमध्ये २ ग्रॅम क्षार असतील आणि ते अर्ध्या ग्रॅमवर आणायचे असतील, तर १५० ग्रॅम पुरतो. म्हणजे ही युक्ती समुद्रासाठी नाही, मचूळ विहिरीसाठी आहे. शिवाय मीठ नाहीसं होत नाही. सुटलेलं खारट पाणी शेतात सोडलं तर आपणच आपलं नुकसान करू.

हे भान गोव्याच्या पूर्वजांना होतं. खाजन शेतीत त्यांनी बांध घातले आणि पाण्याच्या वाटेवर दारं बसवली. भरतीच्या जोराने दार बंद होतं, ओहोटीला उघडतं. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडणारा पाऊस जमिनीतलं मीठ धुतो आणि ते पाणी ओहोटीबरोबर बाहेर जातं. तिथे पेरलेला कोरगुट भात थोडा खारटपणा सोसतो. बांध फुटला की मात्र ही सगळी मेहनत मिठात जाते.

म्हणून नवं यंत्र हवंच, पण बांधाची डागडुजीही हवी. सुट्टीत गावी गेलात तर आजी-आजोबांना विचारा, आपल्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात मचूळ लागतं? उत्तर वहीत टिपून ठेवा. कोणत्याही यंत्राला आधी हीच माहिती लागते.