खाली घातलेली मान

'मान' हा आपल्या भाषेतला मोठा मजेदार शब्द आहे. धडावर डोके पेलते ती मान स्त्रीलिंगी आणि लग्नात व्याही ज्यासाठी रुसून बसतात तो मान पुल्लिंगी. उच्चार एक, लेखन एक, अर्थ मात्र दोन. व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण मी गेली कित्येक वर्षे देत आलो आहे आणि मुलेही ते इमानाने वहीत उतरवून घेतात. परंतु शिकवणाऱ्याला स्वतःचा धडा येत असतोच असे नाही. या दोन शब्दांचा घोटाळा मी एकदा भर मैदानावर केला. दिवाळीत पहाटे आधी कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, अशी आपली रीत आहे. म्हणून ही गोष्ट आधी सांगून टाकतो.

गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. आमच्या कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धांचा शेवटचा दिवस होता. मला खेळातले फारसे कळत नाही. पण आवाज बरा आणि उच्चार शुद्ध, एवढ्या पुण्याईवर विजेत्यांची नावे पुकारण्याचे काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडते. पाच हजार मीटरची शर्यत भर उन्हात नुकतीच संपली होती. अध्यक्षांना दुसऱ्या समारंभाला जायचे होते, त्यामुळे बक्षिसे भराभर उरकली आणि लगोलग राष्ट्रगीत सुरू झाले. सारे मैदान जिथल्या तिथे उभे राहिले. एक मुलगा तेवढा गवतावर बसलेला. एक पाय लांब केलेला, मान गुडघ्यात खुपसलेली. पाच हजार मीटरमध्ये तो तिसरा आला होता. दोन मिनिटांपूर्वी मीच त्याचे नाव पुकारले होते.

राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात. ते बावन्न सेकंद मी खांबासारखा ताठ उभा होतो. पण खरे सांगायचे तर तेवढ्या वेळात माझ्या मनात देशही नव्हता आणि गीतही नव्हते. होता तो फक्त तो बसलेला मुलगा. गीत संपते न संपते तोच मी ध्वनिक्षेपकावरून म्हणालो, "ज्याला बावन्न सेकंद उभं राहता येत नाही, त्यानं पाच हजार मीटर धावून काय उपयोग?"

लोक हसले. थोड्या टाळ्याही पडल्या. मुलाने मान वर केली आणि म्हणाला, "सर, पोटरीत गोळा आलाय. उठायला गेलो, पण पाय टेकेना." हे मात्र कोणालाच ऐकू गेले नाही. कारण ध्वनिक्षेपक माझ्या हातात होता.

पुढच्या वर्षी धावणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

त्यानंतर कधीतरी एक जुने छायाचित्र माझ्या पाहण्यात आले. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमधले. ९ ऑगस्टला तेथे मॅरेथॉनची शर्यत झाली आणि २ तास २९ मिनिटे १९.२ सेकंदांत ती जिंकली सोन की-चुंग या कोरियन तरुणाने. पण कोरिया १९१० सालापासून जपानच्या ताब्यात. त्यामुळे सोनच्या छातीवर जपानचे लाल सूर्यबिंब आणि यादीत त्याचे नावही जपानी वळणाचे. तिसरा आला तो नाम सुंग-योंग, तोही कोरियनच. दोघांच्या मध्ये दुसरा आला इंग्लंडचा अर्नी हार्पर. बक्षीससमारंभात जपानचा ध्वज वर चढू लागला, जपानचे राष्ट्रगीत सुरू झाले आणि जगातला सर्वांत चिवट धावपटू मान खाली घालून उभा राहिला. नामनेही मान खाली घातली.

त्या ऑलिंपिकमध्ये विजेत्याला ओक वृक्षाचे एक रोपटे भेट मिळत असे. सोनने ते कुंडीसकट छातीशी धरले, अशा बेताने की अंगावरचे सूर्यबिंब झाकले जावे. तिसऱ्याला रोपटे मिळत नसे. सोनच्या सुवर्णपदकाचा आपल्याला हेवा वाटला नाही, छाती झाकायला त्याच्यापाशी रोपटे होते याचा वाटला, असे नाम पुढे सांगत असे. कोरियातल्या 'दोंग-आ इल्बो' या वृत्तपत्राने ते छायाचित्र सूर्यबिंब पुसून छापले, तेव्हा सरकारने माणसे पकडली आणि पत्राचे प्रकाशन कित्येक महिने बंद पाडले.

आता मला सांगा, त्या दिवशी माझ्यासारखा एखादा शिस्तप्रिय प्राध्यापक बर्लिनच्या मैदानावर ध्वनिक्षेपक घेऊन उभा असता, तर तो काय म्हणाला असता? "राष्ट्रगीत चालू असताना मान खाली? शोभतं का हे विजेत्याला?" असेच ना? आणि ते किती चुकीचे ठरले असते! मान खाली घालणे म्हणजे शरमणे, असे वाक्प्रचारांच्या यादीत आम्ही शिकवतो. सोनला शरम वाटत असेलही. पण ती आपल्या देशाची नव्हे. ज्या देशाचे गीत वाजवण्याची सोयच उरली नव्हती, त्याचा मान राखण्याचा दुसरा मार्ग त्याच्याजवळ नव्हता. मान खाली गेली, म्हणूनच मान राहिला.

गंमत अशी की त्याच बर्लिनमध्ये, त्याच आठवड्यात, आपलीही माणसे याच अडचणीत होती. ध्यानचंदांचा हॉकी संघ अंतिम सामन्याला जर्मनीसमोर उभा राहणार होता. सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला झाला. संघाचा अधिकृत ध्वज ब्रिटिश सरकारचा. आधीच्या सरावसामन्यात जर्मनीने आपल्याला हरवले होते, त्यामुळे सारे चिंतेत. तेव्हा खेळाडूंच्या खोलीत पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढला, सर्वांनी त्याला वंदन केले आणि मग मैदानावर उतरले. ही हकीकत ध्यानचंदांनी 'गोल' या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. भारताने सामना ८-१ असा जिंकला. त्या वंदनाला ना बँड होता, ना प्रेक्षक. दाराआडच्या त्या मूठभर माणसांनी राखलेला मान आणि भरल्या मैदानावर मी राखलेला मान, यांची तुलना करायला मन धजत नाही.

पुढे १९४८ साली लंडनला, ब्रिटनलाच ४-० असे हरवून आपण सुवर्णपदक जिंकले आणि तिरंगा उजळ माथ्याने वर चढला. १९५२ साली हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण राष्ट्रगीत वाजते ते फक्त पहिल्याचे. दुसऱ्या-तिसऱ्याने दुसऱ्या कोणाचे गीत ऐकत उभे राहायचे असते. हा नियम वरवर निष्ठुर वाटतो. परंतु खेळाडूच्या अंगी किती मोठेपणा आहे, याची परीक्षा मला वाटते याच नियमाने होते. आपल्या गीताला कोणीही उभा राहील!

याची प्रचीती २०२४ सालच्या ९ ऑगस्टला आली. आदल्या रात्री पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक झाली होती. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर फेकून ऑलिंपिकचा विक्रम मोडला आणि आपला नीरज चोप्रा ८९.४५ मीटरवर दुसरा राहिला. तीन वर्षांपूर्वी, ७ ऑगस्ट २०२१ ला, टोकियोला याच नीरजसाठी आपले राष्ट्रगीत वाजले होते आणि आमच्या घरात शेजारपाजारच्यांसह पेढे वाटले गेले होते. या खेपेस घरात सुतकी शांतता. पदके देण्याचा कार्यक्रम सुरू झाला तसे आमचे चिरंजीव उठले आणि म्हणाले, "बाबा, बंद करा तो टीव्ही. आता त्यांचं गीत लागेल."

कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आमच्या आईने मान वर न करताच विचारले, "का रे, नीरज गेला का घरी?"

"नाही. तो तिथं उभा आहे."

"मग तो उभा असताना तू कशाला उठतोस? बस खाली."

चिरंजीव बसले. ध्वज वर चढू लागले. मधला पाकिस्तानचा, एका बाजूला आपला. गीत सुरू झाले. त्यातले शब्द आम्हांला कळण्यासारखे नव्हते. आम्ही पाहत होतो नीरजकडे. तो पानिपत जिल्ह्यातला. पानिपत म्हटले की मराठी माणसाच्या मनात हरण्याखेरीज दुसरे काही येत नाही. पण हा पानिपतचा मुलगा हरूनही एका पायरीने खाली शांतपणे, सरळ मानेने उभा होता. ज्याने आपल्याला हरवले त्याच्या देशाचे गीत तो पुरते ऐकत होता. त्याच्या आईने तर, जिंकलेला अर्शदही आपला मुलगाच, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. मला वाटले, दुसऱ्याच्या गीताला जो असा उभा राहू शकतो, त्याला स्वतःच्या गीताचा मान कसा राखावा हे कोणी शिकवायला नको.

आणि सोनचे काय झाले? १९८८ साली सोलला ऑलिंपिक भरले, तेव्हा पंच्याहत्तरीला पोचलेला हा म्हातारा ज्योत घेऊन मैदानात आला आणि लहान मुलासारखा उड्या मारीत धावला. १९९२ साली बार्सिलोनाला ह्वांग यंग-चो या कोरियनाने मॅरेथॉन जिंकली. त्या दिवशीही तारीख होती ९ ऑगस्ट. दुसरा आला तो जपानचा धावपटू. सोन तेव्हा मैदानात हजर होता. छप्पन्न वर्षांनी, तारखेला तारीख जुळून, मॅरेथॉनच्या विजेत्यासाठी त्याच्या देशाचे गीत वाजले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राष्ट्रसन्मानाच्या १९७१ सालच्या कायद्यातसुद्धा राष्ट्रगीतात 'हेतुपुरस्सर' अडथळा आणणे, हा गुन्हा मानला आहे. कायदा करणाऱ्यांना हेतू पाहावासा वाटला आणि आयुष्यभर शब्दांमागचा अर्थ शिकवणारा मी मात्र पोटरीतला गोळासुद्धा पाहू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कचेरीतून जुनी नोंदवही काढवून मी त्या मुलाचा पत्ता मिळवला आणि त्याला फोन केला. तो आता एका बँकेत नोकरी करतो. पहाटे मात्र वस्तीतल्या मुलांना धावायला शिकवतो. मी आढेवेढे न घेता म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर लिहिणार आहे. चालेल ना?"

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "कुठला दिवस, सर? मला तर काही आठवत नाही."

तो खोटे बोलत होता, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. मग आम्ही नीरजविषयी थोडे बोललो, त्याच्या मुलांविषयी बोललो आणि त्याने फोन ठेवला. माझा मान त्याने राखला. माझी मान मात्र खाली होती. फोनवर ती दिसत नाही, एवढेच बरे.