अक्षररूप आणि वाङ्मयेतिहास : वर्ध्याच्या नियतकालिक-मुद्रणाच्या निमित्ताने

नियतकालिकांच्या इतिहासात संपादक, लेखक आणि वादविषय यांची नोंद साक्षेपाने केली जाते. ज्या अक्षरांत हे वाद छापले गेले, त्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. ही उपेक्षा संशोधनाला कशी बाधक ठरते, हे वर्ध्याच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

१९३५च्या इंदूर येथील हिंदी साहित्य संमेलनानंतर नागरी लिपिसुधारणेच्या कार्याची सूत्रे काका कालेलकरांकडे आली. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि तिच्या प्रकाशनांनी 'अ'ची बाराखडी स्वीकारली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र चिन्हे वगळून त्यांच्या जागी अि, अी, अु, अू, अे, अै ही रूपे आली. ओ आणि औ पूर्वीपासूनच 'अ'च्या आधाराने लिहिले जात असल्याने या सुधारणेत तर्कसंगती निश्चितच होती. मात्र खिळ्यांची खरी गर्दी जोडाक्षरांची होती. त्यामुळे छापखान्याची बचत बेताचीच होणार होती. सुधारणेचा अधिक लाभ नागरी नव्याने शिकणाऱ्या अहिंदी भाषकास होता.

याच बाराखडीचा पुरस्कार रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतील सावरकर लिपिशुद्धीच्या चळवळीतून करीत होते, आणि 'किर्लोस्कर' मासिकाने ती स्वीकारली होती. राजकीय विचारांत परस्परविरोधी असलेले दोन प्रवाह एकाच अक्षररूपापाशी एकत्र येतात, ही घटना सामान्य नव्हे. परंतु ती कोणत्याही लेखाच्या आशयात नव्हे, तर छापील पृष्ठावरच दिसते.

अवतरण देताना किंवा संगणकीय पुनर्मुद्रण करताना 'अि'चा मुकाट्याने 'इ' केला, की हा पुरावाच नष्ट होतो. वाचकाच्या सोयीसाठी प्रचलित लेखन स्वीकारावे, हा आक्षेप सामान्य आवृत्तीपुरता रास्त आहे. संशोधनास तो लागू पडत नाही. १९४७ साली नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीने ही बाराखडी अमान्य केली. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या प्रमाणीकृत वर्णमालेतही स्वतंत्र स्वरचिन्हेच कायम राहिली. पराभूत झालेल्या सुधारणेची साक्ष देण्यास आता जुने अंकच उरले आहेत.

म्हणून प्रबंधातील अवतरणे मूळ अक्षररूपात द्यावीत. बदल अपरिहार्य असल्यास तो स्पष्टपणे नोंदवावा. विभागांनी सूची करताना अंकाच्या लिपिपद्धतीसाठी एक रकाना राखावा. एवढ्या अल्प श्रमाने वाङ्मयेतिहासाचे एक दुर्लक्षित साधन सुरक्षित राहील.