तापट डबा

वस्तू जितकी मोठ्यानं ओरडेल तितकी ती चांगली, हा समज आपल्या लोकांत कुठून शिरला कोण जाणे! लग्नातला कर्णा असो, नाही तर होडीवरचा बिनतारी संच. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर संचाची गोष्ट निघू द्या, पहिला प्रश्न, "किती वॅटचा?" २५ म्हणालात की समोरचा असा चेहरा करतो, जसा तुम्ही हापूसच्या पेटीत रायवळ भरून आणलात. मग कोणी तरी दुकानदार सांगतोच, "हा घ्या. आतच ॲम्प्लिफायर आहे!"

त्या 'आतच'शी माझं भांडण आहे.

आता बघा. २५ वॅट हवेत सोडणारा संच बोलताना बॅटरीकडून साधारण ७० वॅट घेतो. उरलेले जातात कुठे? डब्यातच मुरतात. म्हणजे जेवणाच्या डब्यात चाळीसचा दिवा लावून वर झाकण घट्ट बसवावं, तसलाच प्रकार. त्यात वॅट वाढवले की विचारायलाच नको. आणि त्याच डब्यात, चार बोटांवर, क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक बसलेला असतो. त्याच्या ठेक्यावर सगळ्या संचाची कंप्रता चालते. तो तापला की ठेका चुकतो. संकटात हाक मारायचा तो सोळावा चॅनेल, त्याची कंप्रता १५६.८ मेगाहर्ट्झ. लाखात एकाचा फरक पडला तरी दीड हजार हर्ट्झचा घोळ! नियमाप्रमाणे सूट एवढीच. त्यापुढे सरकत गेलात की आवाज फाटू लागतो. लांब पल्ल्याच्या एस. एस. बी. संचात तर शे-दोनशे हर्ट्झ सरकले तरी धीरगंभीर तांडेल बदकासारखा बोलू लागतो. बरं, ऐकण्याचं कामही त्याच स्फटिकावर. म्हणजे ओरडून ओरडून स्वतःच बहिरे!

तुम्ही म्हणाल, हल्ली तापमान सांभाळून घेणारे स्फटिक निघालेत. निघालेत ना, चांगल्या संचात असतातही. पण त्या बिचाऱ्यानं सांभाळावं तरी किती? मे महिन्यातली दुपार, वर तापलेलं छप्पर, खाली इंजिन, आणि खारी हवा लागू नये म्हणून संचाला प्रेमानं चढवलेला प्लॅस्टिकचा झगा. शिवाय इंजिन बंद पडून होडी वाहत निघाली की माणूस बटण दाबून धरतो आणि बोलतच सुटतो. डबा सर्वांत जास्त तापायचा तो नेमका तेव्हा.

आणि एवढं करून मिळतं काय? या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे हे शाळेत घोकलेलं आपण दुकानात विसरतो. अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर असेल तर तिचं क्षितिज ८ किलोमीटरच्या आसपास, ९ मीटरवर नेलीत तर १२. रत्नदुर्गावरचं दीपगृह बांधणाऱ्यांनी दिवा काही वाळूत नाही ठेवला! जहाजावरच्या व्ही. एच. एफ. संचाला आंतरराष्ट्रीय नियमानं २५ वॅटची मर्यादा घातलीय, ती उगाच नव्हे.

तेव्हा दुकानात वॅट विचारू नका. दहा मिनिटं सलग बोलल्यावर हा गृहस्थ आपल्या जागेवर राहतो का, ते विचारा. दुकानदार गोंधळला तर खुशाल गोंधळू द्या. आणि होडीवर गेल्यावर आधी तो झगा काढा.